एम्बसीमामांचा पालथा कप

एम्बसीमामांना महत्त्वाचं काही बोलायचं असलं, की आधी मामीला मिक्सर लावावा लागे. भांड्यात मूठभर शेंगदाणे पडत, घरघर सुरू होई, आणि मग मामा माझ्या कानाशी वाकून, तोंडापुढे हात धरून सांगत, "नंदे, जावयाची बदली हिंगोलीला व्हायलीय." बस्स, एवढंच! ही बातमी जावयानं स्वतः सकाळीच साऱ्या आळीला पेढे वाटत सांगितलेली असे. पण मामांच्या घरात ती शेंगदाण्यांच्या आवाजाखालूनच यायची. पूर्वी म्हणे ते नळ सोडत. पण बोरीच्या नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, आणि गुपितं काही पाण्यासाठी खोळंबून राहत नाहीत. म्हणून मिक्सर आला. त्या घरात चटणीला कधी तोटा पडला नाही एवढं मात्र खरं. मामी वैतागून म्हणायची, "ह्यांच्या गुपितापायी माझा मिक्सर जळाला माय, आता दुसराबी जळायलाय."

मामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे धाकटे भाऊ. आधी फौजेत ड्रायव्हर, तिथून परराष्ट्र खात्याच्या गाडीवर, आणि शेवटची नेमणूक एका दोस्त देशातल्या आपल्या वकिलातीत. तिथून परत आल्यावर गावानं त्यांचं नाव एम्बसीमामा पाडलं. आता तो दोस्त देश कोणता, हे मात्र त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं नाही. "नाव घेतलं की माणूस नकाशा बगतो, नकाशा बगितला की अंदाज बांधतो," असं म्हणायचे. ते नुसतं 'दोस्त मुल्क' म्हणत. मामीला विचारलं तर ती म्हणे, "तिथं थंडी लय पडती, एवढंच मला ठावं हाय." मला अंदाज आहे. पण मामांनी आयुष्यभर झाकलेलं मी कशाला उघडू? तेव्हा मीही दोस्त मुल्कच म्हणते.

त्यांच्याकडे गेलं की पहिलं लक्ष ठेवायचं ते त्यांच्या चहाच्या कपावर. चहा संपल्यावर कप बशीत सुलटा ठेवला, तर खुशाल गप्पा मारा. पालथा घातला, तर समजायचं की बसलेल्यांपैकी कुणाचा तरी मामांना शक आलाय. मग पाऊसपाणी, सोयाबीनचा भाव, गुडघेदुखी, बास. आम्हा घरच्यांना ही खूण इतकी अंगवळणी पडली होती, की कप पालथा झाला की आईसुद्धा अर्धं वाक्य गिळून "बाकी सगळं बरं हाय" म्हणायची. शक कुणाचाही यायचा. गॅस सिलिंडरवाल्याचा यायचा, मतदारयादीवाल्या मास्तरांचा यायचा, एकदा तर सख्ख्या चुलत्यांचा आला. पाहुण्यांचे मोबाईल मामा दारातच मागून घेत आणि पिठाच्या डब्यात टाकत. डब्यात फोन वाजला की मामी पिठात कोपरापर्यंत हात घाले आणि ज्याचा त्याला पांढराफटक फोन आणून देई.

याच स्वभावापायी त्यांनी व्याह्यांशी बिघडवून घेतलं. शोभाचं, म्हणजे त्यांच्या लेकीचं, लग्न जिंतूरच्या चांगल्या घरात झालं. मांडवपरतणीला व्याही मोठ्या हौसेनं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले, वर मोर, खाली लोलक. मामांनी "वा, वा" म्हणत ते घेतलं, मांडीवर उपडं केलं, खिशातून पेचकस काढला, आणि व्याह्यांच्या डोळ्यांदेखत त्याचं मागचं झाकण खोललं! निघाला एक सेल. व्याह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "आमच्यावर शक घ्यायलाव का तुमी?" ते म्हणाले. मामा शांतपणे स्क्रू आवळत म्हणाले, "शक न्हाई हो, तपासणी. दोस्ताचंच सामान तपासावं लागतं. दुश्मनाचं आपण घरात घेतो कुठं?" झालं! व्याही चहाला न थांबता उठले. पुढं किती दिवस दोन्ही घरांत निरोप जायचे ते शोभाच्या तोंडून, मोजूनमापून. शेवटी आईनं मध्ये पडून समेट घडवला. घड्याळ मात्र मामांनी बैठकीतच लावलं होतं आणि रोज स्वतः पुसायचे. अशा माणसाला काय म्हणावं सांगा.

टीव्हीवर अधूनमधून बातमी लागायची, की अमक्या देशानं आपल्याच मित्रदेशाच्या प्रमुखाचे फोन चोरून ऐकले, म्हणून राजदूताला बोलावून जाब विचारला. आम्ही चाट पडायचो. मामा खुर्चीत मागं रेलून हसायचे. "ह्याच्यात नवल काय? दुश्मन काय करणार ते ठरलेलंच असतं, त्याला ऐकून काय मिळणार? धाकधूक दोस्ताची असती. तो उद्या आपल्यासंगं राहील का न्हाई, हे ऐकायला कान लावावाच लागतो." असं म्हणून ते हळूच उठत आणि खिडकी लावून घेत.

या सगळ्याच्या मुळाशी काय आहे, ते मला त्यांनी एकदाच सांगितलं. तेही शेतात, विहिरीवरची मोटार चालू करून, तिच्या अगदी शेजारी बसून. मोटारीच्या आवाजात मला निम्मं ऐकू येत नव्हतं. मी दोनदा "काय?" म्हटलं, तर माझ्यावरच खेकसले, "वरडतीस कामून?"

वकिलातीत एक तिथलाच ड्रायव्हर होता, पगारावर ठेवलेला. मामांनी त्याचंही नाव कधी घेतलं नाही. त्याला ते 'पलीकडचा' म्हणत. मामांना तिथली बोली झटक्यात आली, कारण दुकान, दरवाजा, जमीन, हप्ता, असे निम्मे शब्द आपल्या बोरीत रोज वापरातले. दिल्लीहून आलेल्या साहेबांना वर्ष-वर्ष जमेना, आणि हे चौकात उभे राहून टोमॅटोचा भाव पाडून मागू लागले. हे साहेबांच्या नजरेत भरलं. एक दिवस त्यांनी मामांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, इथले लोक आपसात काय बोलतात त्याकडं कान ठेव आणि मला येऊन सांगत जा. मामा हुकमाचे ताबेदार. कान ठेवला. आणि कान ठेवल्यावर त्यांना पहिली गोष्ट कळली ती ही, की पलीकडच्यालाही त्याच्या सरकारनं अगदी हेच काम लावलंय.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय! त्यालाबी कळलं, मलाबी कळलं. दोघं रोज गाडीमागं चहा प्यायचो. एक दिवस तोच हसून म्हणला, आज साहेबाला काय सांगणार? मी म्हणलं, तुमच्याकडं टमाटे महागले म्हणून सांगतो. तू काय सांगणार? तो म्हणला, इंडियाच्या साहेबाला सर्दी झालीय म्हणून सांगतो." मामा हसले, मग एकदम इकडंतिकडं बघून मोटारीला आणखी खेटून बसले.

असं ते जमलं. दोन दोस्त देशांचे दोन कान गाडीमागं बसून एकमेकांना रोजचा मजकूर पुरवत होते, कुणाचं वाईट होणार नाही असा. बोरीची धपाटी मामा आपल्या हातानं थापायचे आणि पलीकडचा ती दह्याबरोबर चापायचा. पालथ्या कपाची खूण याच बैठकीत ठरली. आज कुणी नजर ठेवून आहे, जवळ येऊ नको, असं सांगायचं असलं की कप पालथा. सुलटा असला तर ये, बस.

मग एक दिवस बिनसलं. तिथल्या पेपरात छापून आलं, की भारताच्या वकिलातीनं आमच्या खात्यातला माणूस फोडलाय. आपल्या लोकांनी म्हटलं, तुम्हीच आमच्या गाड्यांमध्ये बसून ऐकताय. राजदूतांना बोलावणं आलं, दिल्लीतही त्यांच्या राजदूताला बोलावणं गेलं. मंत्र्यांचा दौरा ठरला होता, तो पुढं ढकलला. त्याच्यासाठी धुऊन आणलेले गाड्यांवरचे झेंडे मामांनी घडी करून परत कपाटात ठेवले. शेवटी गवगवा न करता दोन्हीकडून माणसं परत पाठवायची ठरलं. परत जाणाऱ्यांत बोरीचा ड्रायव्हरही होता. तो ऐकतो आणि जाऊन सांगतो, असं तिथल्या सरकारनं कळवलं होतं.

"आता मला सांग नंदे," मामा म्हणाले, "मी ऐकून सांगतो हे तिथं कुणाला ठावं होतं? माझ्या साहेबाला, आन् त्याला. साहेब काय माझं नाव देणार हाय का? मंग राहिलं कोण?" मग म्हणाले, "निघताना साहेबानं मला इचारलं, तो तुमचा चहावाला दोस्त, तोबी आपलं ऐकत असंल ना? मी म्हणलं, न्हाई साहेब, तो बिचारा नुसती गाडी चालवतो. मी त्याला झाकलं. आन् त्यानं मला उघडं केलं."

पुढं काही महिन्यांतच दोन्ही देशांचं गोड झालं. दौरा झाला, करार झाला, जुन्या मैत्रीचे दाखले दिले गेले. बोरीत याच घरातल्या टीव्हीवर मामांनी दोन्ही मंत्री गळ्यात पडताना पाहिले. "त्यांचं मिटलं," ते मोटारीच्या आवाजात म्हणाले. "आमचं कोण मिटवणार?" मला तेव्हा त्यांची फार कीव आली. साऱ्या गावावर शक घेणारा हा माणूस खरं तर एकाच माणसाच्या शकानं आतून कुरतडला जात होता.

दर शनिवारी मामा पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जात. जाताना एका रस्त्यानं, येताना दुसऱ्या, हे वेगळं सांगायला नको. एका शनिवारी देवळासमोरच्या नारळ-प्रसादाच्या दुकानदारानं त्यांना हाक मारली. "मामा, तुमाला परदेशातून कुणीतरी हुडकायलंय!" मामा पांढरे पडले. हैदराबादहून दुकानावर फोन आला होता. बोलणारा तुटक्या हिंदीत म्हणाला होता, की बायकोच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आलोय, माझा एक दोस्त नेहमी तुमच्या नरसिंहाची शपथ घ्यायचा, बोरी गावचा, गाडी चालवायचा, तो जिवंत आहे का? गाडीमागच्या चहात मामांनी पोखर्णीचं नाव इतक्यांदा घेतलं असणार, की पलीकडच्याच्या ते पक्कं ध्यानात राहिलं होतं. देवळाच्या नावावरून त्याच्या पोरानं मोबाईलवर दुकानाचा नंबर शोधून काढला होता.

त्यानंतरचा आठवडा मामीनं आणि मी कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. मामांचं एकच पालुपद. "इतक्या वर्षांनी कामून आला? कोण पाठवायलंय त्याला?" मी म्हटलं, "मामा, म्हातारा माणूस आहे, बायकोचे डोळे दाखवायला आलाय." तर म्हणाले, "आसंच सांगून पाठवतेत." शेवटी मामीच कडाडली. "तुमच्यापाशी आता हाय काय ऐकण्यासारखं? माझी चटणी ऐकायला यायलाय का तो?"  दुसऱ्या दिवशी मामांनी दुकानदाराकरवी निरोप दिला. बुधवारी दुपारी, पूर्णा स्टेशन. परभणी नको, बोरी तर नकोच. पूर्णा जंक्शन, गर्दी असते, चार दिशांना गाड्या सुटतात. मामीनं न विचारता धपाट्यांचा डबा बांधून दिला आणि त्यांनी तो घेतला. डबा घेतला तेव्हाच मला कळलं, की यांना भेटायचं आहे.

मी सोबत गेले. मामांनी नेहमीची सफारी सोडून धोतर-टोपी घातली होती आणि ते त्यात एवढे अवघडले होते, की सगळं स्टेशन त्यांच्याकडेच बघत होतं. पलीकडचा ठरल्याप्रमाणे पहिल्या फलाटावर एका बाकावर येऊन बसला. उंच, वाकलेला, एवढ्या उन्हात अंगात कोट. त्यानं चहाचे दोन कागदी कप आणले. एक स्वतः प्यायला लागला, दुसरा भरलेला शेजारी ठेवला. आम्ही समोरच्या फलाटावर, खांबाच्या आडोशाला.

"जा की मामा," मी म्हटलं.

"थांब. आधी तू जाऊन बग, एकटाच हाय का. बाईमाणसावर कुणी शक घेत न्हाई. फोन कानाला लाव, बोलल्यासारखं कर."

आता मी काय, कधी असले धंदे केलेत? पूल ओलांडून गेले, त्याच्या बाकासमोरून फोनवर "हो हो, हो ना" करत गेले, तशीच परत आले. त्याच्या आसपास कुणी नव्हतं. पुन्हा एकदा खात्री करावी म्हणून वळले, तर कानाला लावलेला फोनच खणखणून वाजला! आईचा होता. म्हाताऱ्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, ओळखीच्या नजरेनं. असल्या पाळत ठेवणाऱ्या बायका-पुरुषांना तो आयुष्यभर बघत आला असणार. मग त्यानं सावकाश तो भरलेला कप उचलला, चहा बाकाखाली ओतून दिला, आणि दोन्ही कप एकापाशी एक, पालथे घातले. समोरच्या फलाटाकडं चुकूनही पाहिलं नाही. उठला आणि हैदराबादची गाडी लागली होती तिकडं चालू लागला.

 समोर मामा उभे होते, हातात डबा, तोंड उघडं. आणि मग ते धावले. गुडघ्यांनी अधू झालेला माणूस, धोतर सावरत पुलाच्या पायऱ्या चढत होता. मला गाठेपर्यंत धाप लागली होती, पण बोलतच होते. "मला धरून द्यायचं असतं तर त्यानं कप सुलटा ठेवला असता गं! मला बलवलं असतं! त्यो तर मला जाय म्हणायलाय, वाचव म्हणायलाय सोताला!" गाडी हलली होती. पलीकडचा दारात उभा होता. मामा गाडीच्या बाजूनं धावू लागले, आणि जो माणूस मिक्सरशिवाय महत्त्वाचं एक वाक्य बोलला नव्हता, तो भरल्या फलाटावर बेंबीच्या देठापासून ओरडला, "फरहाद! आरे फरहाद! ती माझी भाची हाय! माझीच हाय ती! कुणी न्हाई इथं, कुणी न्हाई!"

नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. मराठी तर त्याला येतच नव्हतं. त्यानं मामांना पाहिलं, एवढं नक्की. दारातून हात वर केला. तो निरोपाचा होता की 'मागं फिर, तुझ्यावर नजर आहे' असं सांगणारा होता, ते आम्हाला कळलं नाही. गाडी गेली. मामा त्या बाकावर येऊन बसले, दोन्ही कप उचलून सुलटे केले आणि हमसून हमसून रडले. मीही रडले. नाव त्यानं दिलं होतं का, हे मी विचारलं नाही. मामा आपण होऊनच म्हणाले, "दिलं बी असंल. पोटासाठी दिलं असंल, मारून काढून घेतलं असंल. आता जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानदाराकडून नंबर मिळवला आणि बैठकीत सगळ्यांसमोर, मोठ्यानं बोलत फोन लावला. तो दवाखान्याचा निघाला. पेशंटला रात्रीच सुट्टी दिली, मायदेशी गेले, पत्ता आम्हाला देता येत नाही, असं उत्तर मिळालं. मामांनी पुन्हा-पुन्हा लावला. उत्तर बदललं नाही.

त्यानंतर त्या घरात मिक्सर लागला तो फक्त चटणीसाठी. पिठाच्या डब्यात पीठच राहिलं. जिंतूरच्या व्याह्यांनी दिवाळीला रेडिओ आणला, तर मामांनी तो न उघडता लावला आणि व्याही चकित होऊन शोभाला विचारू लागले, "तुझ्या वडलांची तब्येत बरी हाय ना?" तब्येत खरंच बरी नव्हती. त्या थंडीतच मामा गेले. शेवटपर्यंत चहा मागताना दोन कप मागत आणि दुसरा शेजारी ठेवत. भरलेला, सुलटा.

तेराव्याला गर्दी ओसरल्यावर मी मोरीत कपांचा ढीग घासत बसले होते. धुतलेले कप सवयीनं फळीवर पालथे मांडत होते. मामी दारात येऊन उभी राहिली. मग आत आली आणि एकेक कप उचलून सुलटा करू लागली.

"मामी, पाणी निथळणार नाही अशानं," मी म्हटलं.

"न्हाई निथळलं तर न्हाई," ती म्हणाली. "पालथे नको घालू माय. तो बोरी इचारत कधी आलाच, तर दारातूनच परत जाईल."